फिरवायला काही नाही

नव्या गाडीत बसलो तर उजवा हात
आपोआप स्टिअरिंगच्या खाली गेला.
जिथं सत्तावीस वर्षं भोक होतं
तिथं गुळगुळीत प्लास्टिक.
अंधारात जिना उतरताना
एक पायरी जास्त मोजावी, तसं झालं.

शोरूमचा पोरगा म्हणाला, काका, खिशातच राहू दे.
ब्रेकवर पाय, बटण दाबा, झालं.
झालं?
जुनीला अर्धी फिरवून थांबावं लागायचं,
ती पिवळी वेटोळी विझेपर्यंत.
तेवढ्यात मी आईचं नाव घेऊन टाकायचो,
थंडीत दोनदा.
हिला नाव घेण्याइतका वेळच लागत नाही.

वडाळ्याच्या टर्मिनलवर आम्ही अकरा ड्रायव्हर.
प्रत्येकाला एकेक काळी डबी मिळाली,
लॉजमधल्या साबणाच्या वडीएवढी.
इस्माईल चाऊसनं ती तावीजाच्या दोऱ्यात ओवली.
मिंगेलनं जेवणाच्या पिशवीत टाकली,
सुकटीचा वास अजून जात नाही.
शेवाळेच्या बायकोनं शर्टासकट भिजवली
आणि रात्रभर तांदळाच्या डब्यात पुरली.
सकाळी गाडी सुरू झाली.
शेवाळे म्हणाला, तांदूळ कोलम होता.

मी पवईला बाविसाव्या मजल्यावर फ्रिज चढवत होतो,
डबी खिशात,
खाली गाडी चालूच.
इतकी सभ्य गाडी, थरथरत नाही, खोकत नाही,
चालू आहे की बंद, उतरताना कळलंच नाही.
खाली टिल्लू, आमचा हेल्पर. हवालदार आला, काढ म्हणाला.
टिल्लूनं घाबरून बटण दाबलं, ती बंद झाली.
पुन्हा दाबलं. गाडी ओळखच दाखवेना.
फोनवर रडवेला:
मामा, ही म्हणते किल्ली नाही.
आहे रे, म्हटलं, माझ्याबरोबर वर आलीय.
बाईसाहेब म्हणाल्या, जरा डावीकडे घ्या ना.

किल्लीची कामं तरी किती होती.
खोक्याची टेप फाडायची, कान कोरायचा,
सोड्याचं झाकण उडवायचं,
चहावाल्याच्या बंद काचेवर टकटक.
रात्रपाळीचा हिरामण खरात लांबून दिसला
की मी फेकायचो, तो एका हातात झेलायचा.
चौदा वर्षांत आमचं तेवढंच बोलणं.
आता तो येतो, त्याची डबी त्याच्याकडे,
माझी माझ्याकडे.
दोघंही उगाच हात हलवतो.

मालक भडकला तर तळवा पुढं करायचा: आण किल्ली.
टेबलावर ठेवली की माणूस संपला.
पण ठेवताना आवाज व्हायचा,
बाहेर बसलेल्यांना ऐकू जायचा.
आता म्हणे ऑफिसातूनच नाव पुसतात.
पहाटे बटण दाबलं की समजतं.
खरं खोटं माहीत नाही.
मी रोज पहाटे दाबतो तेव्हा
अर्धा क्षण श्वास धरतो.

मागच्या आठवड्यात शिवडीला, रात्री अडीचला,
डबीच मेली. दार उघडेना.
हिरामणला फोन लावला. तो झोपेत म्हणाला,
पोटात बघ तिच्या.
मागचा खटका सरकवला तर आत
एक किल्ली. बारीक, चपटी,
चोरून ठेवल्यासारखी.
इतके दिवस मी ती खिशात घेऊन फिरत होतो.

दार उघडलं. मनगट फिरलं, क्लिक.
आता डबी बटणाला टेकव, हिरामण म्हणाला,
नाक लावल्यासारखी, आणि दाब.
गाडीनं वास घेतला, ओळखलं.
ठेवू? म्हणाला.
ठेव, म्हटलं. पण फोन चालूच राहिला,
दोघांच्याही बाजूनं, थोडा वेळ.

सकाळी पहिल्या खोक्यावर
त्या किल्लीनं टेप फाडून बघितली.
फाटली.
थोडी वाकली.